कॉफी शिकायला चला, १५५५ सालच्या इस्तंबूलला

धक्क्यावर उतरलात की सरळ टेकडीच्या दिशेनं चालू लागा. गोल्डन हॉर्नच्या खाडीचं पाणी पाठीमागे राहील आणि वरून छिन्नी-हातोड्यांचा आवाज येत राहील. टेकडीवर सुलेमानिया मशीद उभी राहते आहे. स्थपती मिमार सिनान यांनी १५५० साली काम सुरू केलं आणि ते १५५७ पर्यंत चालणार आहे. खाली उताराला दाट बाजारपेठ पसरली आहे. तिचं नाव ताहताकाले. मसाले, कातडी, दोरखंड आणि घाम यांच्या वासांत एक नवा, किंचित जळका, गोडसर वास मिसळला आहे. त्याच्या मागानं जा.

तुम्ही तुर्की कॉफी करायला शिकायला आला आहात. आजच्या इस्तंबूलमध्ये ती दोन-तीन तासांत शिकवली जाते आणि चांगली शिकवली जाते. पण त्या वर्गातल्या प्रत्येक कृतीमागे एखाद्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. दाणा किती भाजायचा, किती बारीक करायचा, किती उकळायचा, गोड किती, आणि कप कुणाच्या हाती द्यायचा? हे प्रश्न ज्यांनी सोडवले, त्यांच्याकडेच एकेक धडा घेऊ या.

१५५५, ताहताकाले: किती भाजायचं?

इब्राहिम पेचेवी या ऑटोमन इतिहासकारानं नंतर लिहून ठेवलं की हिजरी ९६२ मध्ये, म्हणजे १५५४-५५च्या सुमारास, हलबचा हकेम आणि दमास्कसचा शेम्स हे दोघे या शहरात आले आणि त्यांनी ताहताकालेत कॉफीघरं उघडली. त्यांतल्या एकाच्या दारात तुम्ही उभे आहात. आत या. भिंतींना लागून बैठका आहेत. एक जण पुस्तक वाचून दाखवतोय, दोघे बुद्धिबळाच्या पटावर वाकलेत, कोपऱ्यात सोंगट्यांचा खेळ रंगलाय. एका कवीनं नवी रचना आणली आहे आणि ती जाणकारांसमोर ठेवायची त्याला घाई झाली आहे. नोकरी गेलेला काझी आहे, मदरशातला शिक्षक आहे, आणि नेमणुकीची वाट पाहणारा एक अधिकारीही आहे. मशीद, बाजार आणि घर यांच्याबाहेर सगळ्या थरांतल्या पुरुषांना एकत्र बसता येईल अशी जागा या शहराला नव्यानं मिळाली आहे. बाई मात्र इथे एकही दिसणार नाही.

भाजणाऱ्याजवळ बसा. त्याच्या पोत्यातले हिरवट दाणे येमेनच्या डोंगरउतारांवरचे आहेत. ते तांबड्या समुद्रातून जहाजानं सुएझला, तिथून उंटांवरून कैरोला, मग अलेक्झांड्रियाहून पुन्हा जहाजानं इथवर आलेत. त्याच तांबड्या समुद्रात सुरत, चौल आणि दाभोळची जहाजंही ये-जा करतात. कॉफीची चव आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांना आणि हजच्या यात्रेकरूंना तिथे भेटत असणारच. पुढे बाबा बुदन यांनी याच येमेनमधून कॉफीच्या बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते.

लोखंडी कढईत दाणे पडतात. तो लांब दांड्याच्या उलथन्यानं ते सतत हलवतोय. हिरवा रंग पिवळा होतो, पिवळ्याचा दालचिनीचा होतो. मग तडतड सुरू होते. आता तो तुमच्याकडे बघतो आणि कढई खाली उतरवतो.

‘याच्यापुढे कोळसा,’ तो सांगतो.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण या शहरात त्यावरून मोठा वाद होणार आहे. कॉफीच्या विरोधातल्या मुफ्तींचा एक मुद्दा असा असेल की कोळसा होईपर्यंत जळलेली वस्तू खाणं-पिणं धर्माला मान्य नाही. मक्केत तर १५११ सालीच खैर बेग या अधिकाऱ्यानं कॉफीवर बंदी घातली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेखुल-इस्लाम, म्हणजे सर्वोच्च मुफ्ती, बोस्तानझादे मेहमेद एफेंदी कॉफीच्या बाजूनं कौल देतील. दाणा कोळशाच्या अवस्थेला पोचत नाही, हे तोवर मान्य झालेलं असेल. धर्मशास्त्राच्या चर्चेतली ही रेषा या भाजणाऱ्याला रोज डोळ्यांनी आणि नाकानं ओळखावी लागते. तुम्हालाही लागेल. दाणा तपकिरी राहिला पाहिजे. तो काळा पडून तेलानं चकाकू लागला की फळाचा गंध गेला आणि नुसता कडवटपणा उरला.

१६३३, एक बंद दार: किती बारीक?

पुढच्या धड्यासाठी अठ्ठ्याहत्तर वर्षं पुढे या. त्याच गल्लीतल्या कॉफीघरांना आता कुलपं आहेत. सप्टेंबरात जिबाली भागात लागलेल्या आगीनं शहराचा मोठा भाग जळाला. त्यानंतर सुलतान चौथ्या मुरादनं तंबाखूवर बंदी घातली आणि कॉफीघरं बंद केली. आज्ञा मोडणाऱ्याला मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षा होताहेत. कारण आगीचं दिलं जातं, पण गल्लीतल्या प्रत्येकाला खरं कारण कळलेलं आहे. कॉफीघरात माणसं जमतात, आणि जमलेली माणसं दरबाराबद्दल, सैन्याच्या थकलेल्या पगाराबद्दल, महागाईबद्दल बोलतात. सत्तेला भीती वाटते ती या बोलण्याची.

मागच्या गल्लीतल्या एका घरात शिरा. अंगणाच्या कोपऱ्यात घरची आजी दगडी उखळासमोर बसली आहे. तिनं मूठभर भाजलेले दाणे उखळात टाकलेत आणि जड मुसळ तुमच्या हातात दिलंय. कुटा. पहिल्या घावांना दाणे उडतात. मग ते फुटतात, मग रवाळ होतात. तुम्हाला वाटतं झालं. ती चिमूटभर भुकटी अंगठा आणि तर्जनीत चोळते आणि मान हलवते. अजून. दंड भरून येतो. पुन्हा चिमूट, पुन्हा नकार. शेवटी अशी वेळ येते की बोटांना कण लागतच नाही, नुसता मऊपणा लागतो. आता ती हसते.

जगातल्या इतर बहुतेक पद्धतींत कॉफी गाळली जाते. इथे ती गाळत नाहीत, चोथा कपातच तळाला बसतो. म्हणून भुकटी इतकी बारीक लागते. जाड कण जिभेवर येतात, बारीक कण पाण्यात आपला सगळा गंध सोडतात आणि मग शांतपणे खाली बसतात. वर जो फेस येतो, त्यालाही हेच अतिसूक्ष्म कण आणि दाण्यातलं तेल आधार देतात. हा वस्त्रगाळ बारीकपणा घराघरांत, हाताच्या जोरावर साधला गेला. सुलतानाला कॉफीघराचं दार बंद करता आलं, पण उखळ प्रत्येक घरात होतं.

१६५६, यजमानाच्या बैठकीत: किती उकळायचं, किती गोड?

आता एका सुखवस्तू घराच्या बैठकीत बसा. याच सुमारास जाँ द तेवनो नावाचा फ्रेंच प्रवासी या शहरात राहून गेलाय आणि कॉफी कशी करतात ते त्यानं बारकाईनं टिपलंय. त्याच पद्धतीनं आज तुमच्यासमोर कॉफी होते आहे. तांब्याच्या भांड्यात आधी पाणी उकळायला ठेवलंय. आतून त्याला पांढरीशुभ्र कल्हई आहे. पाण्याला उकळी आली की तीन कपांना एक भरगच्च चमचा या हिशेबानं भुकटी आत जाते. कॉफी सर्रकन वर चढते. नोकर भांडं उचलतो, कॉफी खाली बसते. पुन्हा निखाऱ्यावर, पुन्हा उचल. अशा दहा-बारा उकळ्या! मग ती बिनकानाच्या चिनीमातीच्या कपांत ओतली जाते.

घोट घ्या. कॉफी पातळ आहे, कडक आहे, आणि इतकी गरम की ओठांच्या टोकानं, हवेसकट ओढावी लागते. आज तुम्ही ज्याला तुर्की कॉफी म्हणता तिच्याहून ही वेगळी आहे. जाड फेसाचा थर नाही, कारण इतक्या उकळ्यांत फेस टिकणं शक्यच नाही. परंपरा म्हटली की ती पहिल्यापासून अशीच असेल, असं आपण धरून चालतो. या घोटानं ती समजूत कायमची दूर होईल. थंड पाण्यापासून मंद आचेवर, फेस जपत कॉफी करण्याची रीत पुढच्या पिढ्यांनी सावकाश शोधली आहे.

साखरेचीही तीच गोष्ट. बैठकीतले बहुतेक जण बिनसाखरेची कॉफी पिताहेत, गोड वस्तू वेगळ्या खाताहेत. पण याच १६५६ साली कातिब चेलेबी हा विद्वान आपल्या ‘मीझानुल-हक’ या ग्रंथात कॉफीवर एक प्रकरण लिहितो आहे. युनानी वैद्यकाच्या भाषेत तो सांगतो की रुक्ष, उदास प्रकृतीच्या माणसाला फार कॉफी मानवत नाही, आणि घ्यायचीच असेल तर त्यानं ती साखर घालून घ्यावी. बंदीहुकमांचा काही उपयोग झाला नाही, हेही तो स्वच्छ शब्दांत नोंदवतो. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, म्हणून प्रत्येकाची गोडी वेगळी. आज कॉफी टाकण्याआधी पाहुण्याला साखर विचारतात, त्या विचारण्यात असाच विवेक आहे.

१७१७, एदिर्ने: कप कुणाच्या हातून, कुणाच्या हाती?

आतापर्यंत तुम्ही बहुतेक पुरुषांच्या जगात होतात. आता एदिर्ने शहरातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या जनानखान्यात या. एप्रिल महिना आहे. इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू इथे पाहुणी म्हणून आली आहे, आणि १८ एप्रिलच्या पत्रात ती या भेटीचं वर्णन करणार आहे. घरची मालकीण फातिमा गालिच्यावर तक्क्याला टेकून बसली आहे. सुगंधी धूप फिरवला जातो. मग कॉफी येते. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या बशांवर अतिशय नाजूक चिनीमातीचे कप आहेत, आणि ते गुडघ्यांवर बसून दिले जाताहेत.

अशा श्रीमंत घरांमधला कॉफीचा सोहळा पुढे आणखी बारकाव्यांनी भरेल. एक मुलगी साखळ्यांनी टांगलेली निखाऱ्यांची शेगडी धरेल. तीत कॉफीचं भांडं गरम राहील. दुसरी तबक धरेल, तिच्या खांद्यावरून जरीकाम केलेलं मखमली वस्त्र रुळत असेल. बिनकानाचा कप, म्हणजे फिन्जान, बोटांना चटके देऊ नये म्हणून तो झार्फमध्ये, म्हणजे धातूच्या नक्षीदार खोळीत, बसवलेला असेल. राजवाड्यात तर ‘कहवेजीबाशी’ हे कॉफीप्रमुखाचं पद आहे.

कप हातात घ्या आणि तो देणाऱ्या मुलीकडे बघा. ती गुलाम आहे. कुठल्यातरी लांबच्या गावाहून विकत आणलेली. ज्या आतिथ्याचं कौतुक प्रवाशांनी इतकं लिहिलं, ते अशा हातांवर उभं होतं. कॉफीबद्दल प्रेमानं बोलताना हे झाकून ठेवणं बरोबर नाही. तिच्या हातांनी सगळे कप सारखे भरायचे, फेस सगळ्यांना सारखा वाटायचा, थेंबही न सांडता मागे सरकायचं, हे सगळं जपलं. तिचं नाव इतिहासात नाही. तिचं कसब मात्र पिढ्यान् पिढ्या चालत आलं, आणि तेच तुम्ही शिकता आहात.

१८७१, ताहमिस गल्ली: वास बाजारात येतो

पुन्हा इस्तंबूल. ताहताकालेच्या शेजारीच मिसर बाजाराच्या भिंतीला लागून ताहमिस गल्ली आहे. आतापर्यंत बहुतेक लोक कच्चे दाणे नेऊन घरी भाजत आणि कुटत होते. मेहमेद एफेंदी नावाच्या तरुणानं वडिलांचं, हसन एफेंदींचं, दुकान हाती घेतलंय आणि तो भाजलेली, दळलेली तयार कॉफी विकू लागला आहे. गिऱ्हाइकांची रांग लागली आहे. घराघरांतल्या बायकांचे दंड दुखायचे थांबले, आणि गल्ली मात्र कायमची कॉफीच्या वासानं भरून गेली. १९३४च्या आडनाव कायद्यानंतर हे कुटुंब ‘कुरुकहवेजी’, म्हणजे भाजलेल्या कॉफीचे व्यापारी, हेच आडनाव घेईल. दुकान आजही तिथेच आहे आणि रांगही आहे.

इथला धडा छोटा आहे: ताजी घ्या, थोडी घ्या. दळल्यावर दाण्यातला वायू आणि गंध भराभर उडून जातो, आणि फेसही त्याच्याबरोबर जातो. दाणेही आता फक्त येमेनचे राहिलेले नाहीत. अठराव्या शतकातच वेस्ट इंडीजमधली स्वस्त कॉफी ऑटोमन बंदरांत उतरू लागली होती, आणि आता ब्राझील पुढे येतो आहे. तुर्की कॉफीची ओळख पिकाच्या गावावरून ठरत नाही, ती करण्याच्या रीतीवरून ठरते.

१९५०चं दशक: कॉफी नसताना

एक मुक्काम टाळता येण्यासारखा आहे, पण टाळू नका. ऑटोमन साम्राज्य संपलंय, येमेन हातचं गेलंय, आणि प्रजासत्ताक तुर्कस्तानात परकी चलनाची चणचण आहे. आयात कॉफी दुर्मीळ झाली आहे. घरोघर हरभरे भाजून, दळून त्याची कॉफी करताहेत. आग्नेय भागात रानपिस्त्याच्या फळांची मेनेंगिच कॉफी होतेच. दुसरीकडे काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाचे मळे पसरताहेत. १९४७ साली तिथे चहाचा कारखाना सुरू झाला आहे. दिवसभराचं पेय म्हणून तुर्की माणसानं चहा स्वीकारला, तो याच काळात.

पण अशाच एका घरातली गृहिणी काय करते ते पाहा. डब्याच्या तळाशी उरलेली दोन चमचे खरी कॉफी तिनं बाजूला ठेवली आहे. रोज ती हरभऱ्याचीच पिते. ही दोन चमचे पाहुण्यासाठी, मुलीला मागणी घालायला येणाऱ्या मंडळींसाठी, सांत्वनाला येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी आहेत. टंचाईनं कॉफीला रोजच्या व्यवहारातून बाजूला काढलं आणि नात्यांच्या मध्यभागी ठेवलं. एका कप कॉफीची आठवण चाळीस वर्षं राहते, अशी तुर्की म्हण आहे. या डब्याकडे बघितलं की तिचा अर्थ कळतो.

आज: तुमची पाळी

आता वर्गात या. २०१३ साली युनेस्कोनं तुर्की कॉफीची संस्कृती आणि परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यानंतर असे वर्ग शोधत येणाऱ्या प्रवाशांना जागा मिळते ती बहुधा अशीच: एखाद्या जुन्या घरातली खोली, लांब टेबल, प्रत्येकापुढे जेझवे, म्हणजे कॉफी करायचं लांब दांड्याचं, निमुळत्या गळ्याचं भांडं. शिकवणाऱ्या बाईंना सगळे आदरानं ‘होजाम’ म्हणताहेत. तुम्हीही म्हणा.

होजाम आधी तुमच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवतात. ‘यांना विचारा.’ साखर कशी हवी? सादे म्हणजे बिनसाखरेची, आझ शेकेर्ली म्हणजे थोडी गोड, ओर्ता म्हणजे मध्यम, शेकेर्ली म्हणजे गोड. आत्ताच विचारायचं, कारण साखर कॉफीबरोबरच शिजते. नंतर ढवळली तर तळाशी बसलेली तेलवे, म्हणजे कॉफीचा चोथा, वर येईल.

ज्या फिन्जानमध्ये कॉफी द्यायची, त्यानंच थंड पाणी मोजा. साधारण सत्तर मिलिलिटर भरेल. कॉफीचे दोन शिगोशीग लहान चमचे घाला, म्हणजे सातेक ग्रॅम. साखर घाला. गुठळी राहणार नाही इतकं ढवळा आणि चमचा बाजूला ठेवा. आच मंद. इथे वाळूत किंवा निखाऱ्यावर करतात, घरी गॅसच्या सर्वांत लहान ज्योतीवर होते.

आता बघत राहा. तीन-चार मिनिटं लागतील. आधी कडेला गडद कडं दिसेल, मग मध्याकडे सरकणारा फेस. जेझवेचा गळा अरुंद असतो तो याचसाठी. फेस तिथे दाटून धरला जातो. तो काठाशी चढू लागला की उचला. दूध उतू जायच्या क्षणभर आधी गॅस बंद करण्याची सवय तुमच्या हाताला लहानपणापासून आहे, तीच इथे उपयोगी पडते. पण ही जागा त्याहून थोडी अलीकडे आहे. उकळी फुटली की फेस मोडलाच.

चमच्यानं फेस प्रत्येक फिन्जानात सारखा वाटा. जेझवे पुन्हा आचेवर ठेवा, एकदाच हलकेच चढू द्या, आणि कॉफी फिन्जानाच्या कडेनं सावकाश ओता. एका कपात फेस आणि दुसऱ्यात नाही असं झालं, तर होजाम तो कप टेबलावर ठेवू देणार नाहीत. फेस नसलेली कॉफी पाहुण्याला देणं म्हणजे त्याच्याकडे लक्ष दिलं नाही असा अर्थ होतो.

सोबत पाण्याचा पेला आणि लोकुम या मिठाईचा तुकडा ठेवा. पाहुणा आधी पाणी पिईल, म्हणजे जीभ स्वच्छ होईल. मिनिटभर थांबायला सांगा, तेलवे खाली बसू द्या. तळाचा चोथा प्यायचा नाही. कुणाला हौस असेल तर कप बशीवर उपडा घालून, गार झाल्यावर त्यातल्या आकारांत भविष्य वाचलं जाईल. खरं तर गप्पा लांबवण्याचं ते छान निमित्त असतं.

शेजारी पहिला घोट घेतो आणि म्हणतो, ‘एलिनिझे साग्लिक.’ तुमच्या हातांना आरोग्य लाभो. तुर्कस्तानात स्वयंपाक करणाऱ्याला असंच म्हणतात.

परतताना जेझवे नक्की घ्या. आतून कल्हई असलेली, जड तांब्याची, दोन कपांची. फक्त ती शोभेच्या कपाटात ठेवू नका. या वस्तूचं आयुष्य आचेवर आहे. घरी पोचल्यावर पुण्यात, नाशकात किंवा न्यू जर्सीत, जिथे असाल तिथे, ओळखीच्या भाजणाऱ्याकडून मध्यम भाजलेले दाणे घ्या. चिकमगळूरचेही चालतील, परंपरेनुसार त्यांचं मूळ येमेनचंच. मिक्सरनं हा बारीकपणा येत नाही, म्हणून दुकानातूनच तुर्की पद्धतीनं दळून आणा, आणि आठवड्याला पुरेल इतकीच. सुरुवातीला फेस मोडेल. आच आणखी कमी करा.

आणि एकट्यासाठी करू नका. कुणाला तरी बोलावा, समोर बसवा, साखर किती ते विचारा, आणि तीन-चार मिनिटं मोबाइल न बघता जेझवेकडे बघा. मुरादच्या काळी ज्या गोष्टीची सत्तेला धास्ती वाटली, ती हीच होती: माणसं समोरासमोर बसून, घाई न करता एकमेकांशी बोलत होती. तशी बैठक आज आपल्या घरांत दुर्मीळ होत चालली आहे. ती परत आणण्याचं सामर्थ्य या छोट्या भांड्यात आहे, म्हणून हे कसब मनापासून शिकावं, आणि शिकलेलं दुसऱ्यालाही शिकवावं.